दोन वर्षांचं पोर, तीन भाषा आणि एक हत्ती

प्रश्न थोडक्यात असा आहे. खानापूर तालुक्यातल्या एका आईनं विचारलंय. मुलगा २ वर्षं १ महिन्याचा. घरात मराठी, शेजारी कन्नड, कोपऱ्यावरच्या दुकानात दखनी हिंदी. पोरगा सगळ्याची भेसळ करतो, ‘आज्जी बा’ (कन्नडमध्ये बा म्हणजे ये), ‘दूध बेकू’ असलं काहीतरी बोलतो. मराठी शब्द मोजले तर पंचविसेक भरतात. सासूबाईंचं म्हणणं, एकच भाषा ठेवा, नाहीतर पोर तोतरं होईल. कुणी वेखंड उगाळून जिभेला लावायला सांगतंय. पावसाळाभर नाक गळत होतं, मागून हाक मारली तर कधी वळतो, कधी नाही. जेवणाच्या नावानं शंख. खाट दिसली, जिना दिसला, बैलगाडी दिसली की ‘हत्ती हत्ती’ म्हणतो, आणि चित्रातला खरा हत्ती दाखवला तर गप्प. शेवटी त्या लिहितात, ‘दिवसभर याच्या मागंच असते, तरी संध्याकाळी वाटतं आज काहीच झालं नाही. याला शिकवायला चित्रांची कार्डं मागवू का?’

ताई, आधी उत्तर देतो, मग गप्पा. भाषा एकच ठेवायची गरज नाही. वेखंड नको. कार्डं नकोत. मुलाचे कान मात्र एकदा तपासून घ्या. हत्तीचं शेवटी बघू, त्याचा माग मला बहुतेक लागलाय.

बेळगावात लहान मुलांचा दवाखाना चालवून मला १८ वर्षं झाली. त्यातली पहिली सोळा वर्षं मी आयांना फार आत्मविश्वासानं सल्ले दिले. मग पंचेचाळिशीत आम्हाला मुलगी झाली. आता ती सव्वादोन वर्षांची आहे, आणि माझा आवाज बराच खाली आलाय. आमची आई म्हणते, ‘लोकांच्या पोरांना चिठ्ठ्या लिवून देतोस, आदी आपलीला चार घास भरवून दाखव बघू.’ तेव्हा पुढचं जे काही आहे ते अर्धं डॉक्टरचं आणि अर्धं बापाचं समजा. कुठलं कुठलं ते मला स्वतःलाही नीटसं वेगळं करता येत नाही.

आमचं घर वडगावात. मुलगी सकाळी आज्जीजवळ असते. आज्जीची मराठी तुमच्याकडचीच, ‘काय करूलीस गे?’ वाली. माझी बायको सांगलीची, तिला हे ‘करूलीस’ ऐकून लग्नानंतर वर्षभर हसू यायचं, आता ती स्वतःच बोलते. दहा वाजता भांड्यांना बाई येतात, त्या कन्नड बोलतात. मुलगी त्यांना अव्वा म्हणते. समोरच्या घरात दखनी. म्हणजे तुमच्या मुलाची आणि माझ्या मुलीची गत एकच.

परसात एक मांजर येतं. बावीस महिन्यांची असताना एकदा ती मागच्या दारात उभी राहून अव्वांना ओरडून सांगत होती, ‘बेक्कू बेकू! बेक्कू बेकू!’ मला आधी वाटलं, एकच शब्द घोळवतेय. मग डोक्यात उजेड पडला. कन्नडमध्ये बेक्कू म्हणजे मांजर आणि बेकू म्हणजे हवं. पहिल्यात क्क वर जोर, दुसऱ्यात बे लांब. दोन्ही तिनं बरोब्बर उच्चारले होते. मांजर हवंय. आयुष्यातलं पहिलं वाक्य, तेही आईबाप घरात बोलत नाहीत त्या भाषेत. अव्वांनी हसून मान हलवली आणि भांडी घासत राहिल्या. त्यांनी दाद दिली नाही तशी ती माझ्याकडं वळली, पाय आपटला आणि म्हणाली, ‘मनी दे!’

तेच मांजर आणि तीच मागणी, पण माणूस बदलला तशी भाषा बदलली. तिला कुणी शिकवलं नव्हतं की ही कन्नड, ही मराठी. तिच्या हिशेबात अव्वांशी असं बोलायचं असतं आणि बाबाशी तसं. या वयाच्या पोरांना भाषा माणसाला चिकटूनच येते. म्हणून सासूबाईंना सांगा, त्यांनी त्यांच्या मराठीत भरपूर बोलावं, शेजारणीनं तिच्या कन्नडमध्ये बोलावं, कुणी कुणासाठी बोलणं बदलू नये. घरातल्या माणसांनी मोडक्या परक्या भाषेत पोराशी बोलायला लागणं, हे मला भेसळीपेक्षा वाईट वाटतं. हल्ली इंग्रजी शाळेच्या धास्तीनं ते फार चाललंय. आईला येत नाही त्या भाषेत आई काय लाड करणार?

दोन-तीन भाषांमुळं मूल तोतरं होत नाही आणि बोलणं उशिरा येतं असंही नाही. भेसळ सगळीच करतात. हाताशी जो शब्द असेल तो उचलतात. आपण मोठी माणसं ‘सुम्मने बस की जरा’ म्हणतो (सुम्मने म्हणजे कन्नडमध्ये गप्प), तेव्हा आपल्या जिभेला कुणी वेखंड लावायला येत नाही.

आता मोजणीचं. दोन वर्षांच्या मुलाला साधारण पन्नास शब्द यावेत आणि त्यानं दोन शब्द जोडायला लागावं, असा आमचा ढोबळ अंदाज असतो. पण तुम्ही फक्त मराठी शब्द मोजलेत. सगळ्या भाषा मिळून मोजायचे असतात. कॅलेंडरचं जुनं पान घ्या, आठवडाभर स्वयंपाकघरात लावून ठेवा, आणि तो जे जे म्हणेल ते लिहा. कुत्र्याला दर वेळी ‘भू’ म्हणत असेल तर तो शब्दच. बेकू, बेडा (नको), साकू (पुरे), पानी, नक्को, सगळं धरा. (नक्को हा दखनीनं मराठीकडून नेलेला शब्द. या वयातलं निम्मं बोलणं त्याच एका शब्दावर चालतं, मग तो नको असो, नक्को असो की बेडा.) आणि ज्याला तुम्ही भेसळ म्हणता ते ‘आज्जी बा’ आणि ‘दूध बेकू’, ती दोन-दोन शब्दांची पक्की वाक्यं आहेत. म्हणजे परीक्षेच्या त्या भागात तुमचा पोरगा कधीच पास झालाय.

वेखंडाबद्दल जरा कडक बोलतो. वेखंडानं जीभ सुटत नाही, उलट्या मात्र होतात. पावसाळ्यात अशी दोन-चार बाळं दवाखान्यात येतातच. जिभेखालची शीर कापा म्हणून येणारेही असतात. ती शीर खरंच आखूड असेल तर एखाददुसऱ्या उच्चारात अडचण येते, पण तिच्यामुळं शब्द येणं थांबत नाही.

कान का तपासायचे? सर्दी लांबली की कधीकधी कानाच्या पडद्यामागं पाणी साठतं. दुखत नाही, ताप येत नाही, पण पोराला आपण पाण्याखालून बोलल्यासारखं ऐकू येतं. समोर असताना आपल्या तोंडाकडं बघून त्याला कळतं, आणि मागून हाक मारली की कधी वळतो, कधी नाही. तुम्ही नेमकं हेच लिहिलंय. बऱ्याच मुलांचं ते आपोआप ओसरतं, पण ओसरलंय की नाही हे बघायला हवं. कानाची तपासणी काही मिनिटांची असते, सुई नाही, दुखापत नाही. खाजगीत जमत नसेल तर अंगणवाडी ताईंना विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, त्यात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि डॉक्टरांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं.

ज्यांची मुलं याच वयाची आहेत आणि हे वाचतायत, त्यांच्यासाठी एवढंच. दीड वर्षाचं मूल बोट दाखवून काही मागत किंवा दाखवत नसेल, दोन वर्षं उलटूनही दोन शब्द जुळत नसतील, किंवा येत असलेले शब्द गेले असतील, तर ‘मुलगे उशिराच बोलतात, याचा बापही तसाच होता’ या बोलण्यावर विसंबू नका. दाखवून घ्या. शब्द जाणं हे तर कुठल्याही वयात लगेच दाखवण्यासारखं.

आता तुमचं ते शेवटचं वाक्य, आज काहीच झालं नाही. खरं सांगायचं तर मी एवढं लांबलचक लिहायला बसलो ते याच वाक्यासाठी.

आमच्या घरापासून वाण्याचं दुकान दोन मिनिटांवर आहे. रविवारी मी मुलीला घेऊन हरभऱ्याची डाळ आणायला निघतो. गेल्या रविवारी पस्तीस मिनिटं लागली. फाटकाची कडी तिलाच लावायची होती, ती वर-खाली सात-आठ वेळा झाली. मग गटारीवरची फरशी. एक कोपरा हलतो, पाय दिला की ‘टक’ वाजतं. टक. परत टक. पुढं मागाची खिडकी. आमच्या गल्लीत अजून यंत्रमाग चालतात, बाहेर उभं राहिलं तरी खटाखट छातीत ऐकू येतं. ती खिडकीच्या गजाला धरून उभी राहते आणि आख्खं अंग त्या तालावर हलवते. तिच्या भाषेत ते ‘खट्टू’. मागावरचे काका आतून हात करतात, ती हात करत नाही, नुसती बघते. मी घड्याळ बघितलं. बघितलं हे कबूल करतो, कारण दवाखान्यात आयांना मी सांगत असतो की मुलांसोबत असताना घाई करू नका.

मग ती म्हणाली, ‘काका खट्टू.’

मी म्हणालो, ‘हो, काका माग चालवतायत.’ आणि गप्प राहिलो. हे गप्प राहणं मला फार उशिरा जमलं. आपण पोराला प्रश्न विचारतो, ते तोंड उघडायच्या आत उत्तरही देऊन टाकतो आणि पुढच्या प्रश्नाला लागतो. त्याच्या डोक्यात शब्द सापडायला वेळ लागतो. मनात पाच आकडे मोजायचे. मी मोजले. चारावर आली, ‘काका खट्टू... साडी.’ तिच्या आईनं कधीतरी दाखवलं असणार, इथून साडी निघते म्हणून. मला माहीतही नव्हतं की हे तिच्या डोक्यात आहे.

त्या पस्तीस मिनिटांत कडी, फरशी, माग, काका आणि साडी एवढं झालं. घरी येऊन मला कुणी विचारलं असतं काय केलंस, तर मी म्हणालो असतो, पावशेर डाळ आणली.

तुमचा दिवसही असाच जातो ताई. तुम्ही तांदूळ निवडता, तो बाजूला बसून खडे उचलतो, अर्धे तांदूळ सांडतो. कपडे वाळत घालताना तो चिमटे देतो. तुम्ही ‘ही बाबांची पँट, ही तुझी चड्डी, ही ओली, ही वाळली’ असं म्हणत असाल तर कार्डांवर जे छापलेलं असतं ते सगळं झालंच, आणि वर ओल्या कपड्याचा गारठा हाताला लागला तो वेगळाच. कार्डावरचा आंबा पिकत नाही आणि त्याला वासही येत नाही. त्या पैशांचे खरे आंबे आणा. बोलताना एकच पथ्य ठेवा, चुका काढू नका. तो म्हणाला ‘दूध बेकू’, तर ‘असं नाही म्हणायचं, दूध हवं म्हण’ असं नको. ‘दूध हवंय? हे घे दूध’ एवढंच. बरोबर वाक्य त्याच्या कानावर पडलं आणि दूधही मिळालं.

हट्टाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण तो असणारच, म्हणून आमच्या घरचा एक प्रसंग सांगतो. मागच्या महिन्यात मी मुलीसाठी भाकरी मोडली. नेहमी मोडतो तशीच, दोन तुकडे, एकावर तूप. तिनं ते तुकडे बघितले आणि आभाळ फाटल्यासारखी रडायला लागली. ‘अख्खी! अख्खी!’ मी तुकडे जोडून दाखवले. आणखी रडली. मी समजावलं की पोटात गेली की सगळी सारखीच. हा युक्तिवाद दोन वर्षांच्या माणसापुढं करायचा नसतो. पंधरा मिनिटं ती जमिनीवर आडवी. मी डॉक्टर, मला ठाऊक आहे की या वयात राग येतो तेवढा आवरायची यंत्रणा मेंदूत अजून तयार झालेली नसते आणि तिथं कुणाचं काही चुकत नसतं. ठाऊक असून मी ‘गप्प!’ म्हणून ओरडलो. मग ती माझ्या आवाजानं रडायला लागली.

आमच्या आईनं काही न बोलता परातीत उरलेल्या पिठाची चानकी थापली, तळहाताएवढी. तव्यावर टाकली, फुगली, आणि हातात आणून दिली. अख्खी. मुलगी हुंदके देत ती हातात धरून बसली. खाल्ली नाही. छातीशी धरून झोपली. चानकी हा काय इलाज नव्हे, उद्या ती चानकीही नको म्हणेल. पण आईनं तिला चूक किंवा बरोबर ठरवलं नाही, तिला काय हवंय तेवढं ऐकलं. मला मात्र अजून आधी बाजू मांडायची सवय आहे.

जेवणाबद्दल आकडेच सांगतो, म्हणजे जीव भांड्यात पडेल. तीन किलोचं बाळ वर्षाचं होईतो नऊ किलो होतं, म्हणजे सहा किलोंची वाढ. दुसऱ्या वर्षात सगळी मिळून दोन-अडीच किलोच वाढ होते, आणि त्यानंतर वर्षाला साधारण दोन. वाढ मंदावली की भूकही मंदावते. आपण मात्र ताट वाढवत जातो. तायी कार्डावर (आई-बाळाच्या नोंदींचं सरकारी कार्ड) वजनाची रेघ वर चढत असेल तर त्याला भरवायला मागं धावू नका. मऊ भात, आमटी, गरगट्टं, दही, अंडं चालत असेल तर अंडं, सगळ्यांच्या पंगतीत बसवून द्या, किती खायचं ते त्याला ठरवू द्या. दूध किती पितो ते बघा. दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर जात असेल तर भूक तिथंच मरते आणि अंगातलं लोहही कमी पडतं. लोहाचं सिरप आशाताई देतात, आठवड्यातून दोनदा १ मिली, पाच वर्षांपर्यंत. चवीला वाईट आहे म्हणून बाटली फडताळात पडून राहते, तसं करू नका. आणि अख्खे शेंगदाणे, फुटाणे पाच वर्षांच्या आत हातात नकोत. शेंगदाणा श्वासनळीत अडकलेलं पोर मी हातात घेतलंय, त्याबद्दल जास्त लिहवत नाही. कूट करून खुशाल द्या.

मोबाईलचं उपदेश म्हणून नाही, अपराध म्हणून सांगतो. जुलैत चार दिवस धो धो पाऊस, वीज नाही, आई आजारी, बायको शाळेत. मी मुलीला मोबाईल दाखवत भात भरवला. वाटीभर गेला. दुसऱ्या दिवशी ती ताट बघून तोंड उघडण्याआधी हात पुढं करायला लागली, मोबाईलसाठी. ती सवय चार दिवसांत लागली आणि मोडायला दोन आठवडे लागले. दोन वर्षांच्या आत पडदा नकोच आणि पुढं दिवसाला तासाभराच्या आत, हे आमचे नियम मला तोंडपाठ होते. तेव्हा तुमच्या हातून कधी घडलं असेल तर स्वतःला फार बोल लावू नका, उद्यापासून बंद करा एवढंच.

आता हत्ती.

तुम्ही लिहिलंय की खाट, जिना, बैलगाडी बघितली की तो हत्ती म्हणतो. तुमच्यासमोर हात वर करूनही म्हणतो. चित्रातला हत्ती दाखवला तर काहीच म्हणत नाही. घरच्यांना वाटतंय की पोराला वस्तू ओळखता येत नाहीत. मी तुमचं पत्र दोनदा वाचलं तेव्हा एक ओळ सापडली, तुम्ही सहज लिहून गेला होतात, की दर रविवारी त्याला घेऊन बसनं बेळगावला माहेरी येता.

आता बसस्टँड आठवा. गाडी लागली, कंडक्टर दारात उभा आहे, एक हात दांडीला, आणि ओरडतोय, ‘बेळगावी बेळगावी! हत्री, हत्री, लगू हत्री!’ कन्नडमध्ये हत्तू म्हणजे चढ, आणि आपल्या भागात आदरानं म्हणताना हत्री, चढा. त्या क्षणी तुम्ही त्याला उचलता आणि पायरीवर ठेवता. दर रविवारी. दोन वर्षांच्या जिभेला त्री जमत नाही, ते त्ती होतं.

खाटेवर चढायचं असतं, जिना चढायचा असतो, बैलगाडीत चढायचं असतं, आणि तुमच्या कडेवर तर सगळ्यात आधी. त्याचा हत्ती प्राणी नाहीच. तो एक क्रियापद बोलतोय, अगदी योग्य जागी, आणि घरात कुणालाच ते कळत नाही म्हणून बिचारा पुन्हा पुन्हा बोलतोय. कॅलेंडरच्या पानावर तो शब्द आधी लिहून टाका, तुमच्या पंचविसात तो नव्हता.

माझा अंदाज चुकीचाही असू शकतो. या रविवारी बस लागली की कंडक्टरकडं न बघता पोराच्या तोंडाकडं बघा. तोवर घरात हात वर करून तो ‘हत्ती’ म्हणाला की उचला, आणि उचलता उचलता म्हणा, ‘चढायचंय? ये, चढ. हत्तू.’